अमेरिकेची औद्योगिक भरारी आणि कामगारांचा उद्रेक, १८६५ ते १९०० : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकाची शेवटची पस्तीस वर्षे अमेरिकेच्या इतिहासात वेगळी का मानली जातात?

यादवी युद्ध १८६५ साली संपले तेव्हा अमेरिका हा प्रामुख्याने शेतकऱ्यांचा देश होता, आणि शतक संपले तेव्हा कारखानदारीत तिने ब्रिटनलाही मागे टाकले होते. एका पिढीच्या आत झालेला हा बदल जगाच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल. त्याच पस्तीस वर्षांत तेथील कामगारांनी इतके संप केले आणि त्या संपांत इतके रक्त सांडले की पश्चिम युरोपातल्या औद्योगिक देशांतही त्याला सहज जोड सापडत नाही. या दोन गोष्टी पाठ्यपुस्तकांत बहुधा दोन निरनिराळ्या प्रकरणांत शिकवल्या जातात. वस्तुतः त्या एकाच घडामोडीच्या दोन बाजू आहेत आणि त्या एकत्रच समजून घ्यायला हव्यात.

उद्योगधंदे इतक्या झपाट्याने कसे वाढले?

पहिले कारण रेल्वे. युद्ध संपले तेव्हा देशात सुमारे ३५ हजार मैल लोहमार्ग होते. १० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमोंटरी समिट येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले मार्ग जोडले गेले, आणि १९०० सालापर्यंत देशातील लोहमार्गांची एकूण लांबी १ लाख ९० हजार मैलांच्या पुढे गेली. रेल्वेमुळे पेनसिल्व्हेनियाचा कोळसा, सुपीरियर सरोवराकाठचे लोहखनिज आणि मध्यपश्चिमेचे धान्य एकाच बाजारात आले. शिवाय रूळ, पूल आणि इंजिने यांसाठी पोलादाची जी प्रचंड मागणी निर्माण झाली तिच्यावर पोलादाचा धंदा उभा राहिला. ॲण्ड्र्यू कार्नेगी यांनी १८७५ मध्ये पिट्सबर्गजवळ ब्रॅडॉक येथे बेसेमर पद्धतीचा (वितळलेल्या लोखंडात हवा फुंकून पोलाद बनवण्याचा) कारखाना सुरू केला तो मुख्यत्वे रुळांसाठीच. देशाचे पोलाद उत्पादन १८६० च्या दशकाच्या अखेरीस काही हजार टनांत मोजले जात होते, ते १९०० मध्ये एक कोटी टनांवर पोहोचले.

दुसरे कारण माणसे. १८७० ते १९०० या तीस वर्षांत सुमारे एक कोटी वीस लाख लोक अमेरिकेत आले. आधी जर्मनी, आयर्लंड व ब्रिटनमधून आणि पुढे इटली, पोलंड, हंगेरी व रशियातून आलेल्या या लोकांनी खाणी आणि भट्ट्या भरून गेल्या.

तिसरे कारण राज्यकर्त्यांचे धोरण. आयात मालावर भारी जकात बसवून देशी कारखान्यांना संरक्षण देण्यात आले, रेल्वे कंपन्यांना कोट्यवधी एकर सरकारी जमीन फुकट देण्यात आली, आणि मक्तेदारीला आळा घालणारा कायदा १८९० पर्यंत नव्हताच. क्लीव्हलंडमध्ये १८७० साली स्थापन झालेल्या जॉन रॉकफेलर यांच्या स्टॅण्डर्ड ऑइल कंपनीने दहा वर्षांत देशातील तेलशुद्धीकरणाचा सुमारे नव्वद टक्के धंदा ताब्यात घेतला. उद्योजकांच्या कर्तबगारीबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण सरकार धंद्यापासून अलिप्त होते म्हणून ही वाढ झाली, असे जे सांगितले जाते ते खरे नाही.

सर्वसामान्य कामगाराचा दिवस कसा असे?

दहा तासांचा दिवस ही बऱ्याच धंद्यांत सर्वसाधारण पद्धत होती, पण पोलादाच्या भट्ट्यांवर बारा तासांची पाळी असे आणि ती आठवड्याचे सातही दिवस चाले. दिवसपाळी व रात्रपाळीची अदलाबदल करण्यासाठी दर पंधरवड्याला एका तुकडीला सलग चोवीस तास उभे राहावे लागे, आणि त्यानंतर जी एक दिवसाची सुट्टी मिळे तीच काय ती विश्रांती.

धोक्याची कल्पना यावी म्हणून रेल्वेतील डबे जोडण्याचे काम पाहावे. एका डब्याला लोखंडी कडी असे आणि दुसऱ्याला ती कडी आत शिरेल असा खोबणीचा दांडा. ब्रेकमन दोन डब्यांच्या मध्ये उभा राही, मागचा डबा सरकत जवळ येताना कडी हाताने उचलून नेमक्या क्षणी खोबणीत घाली आणि वरून खिळा सोडून देई. हात मागे घ्यायला निमिषभर उशीर झाला की बोटे चेंगरत. यार्डात कामाला आलेल्या माणसाची तुटलेली बोटे पाहून तो अनुभवी ब्रेकमन आहे हे ओळखता येई. गाडी थांबवायची असली की हेच लोक बर्फात आणि पावसात धावत्या डब्यांच्या टपांवरून पळत जाऊन प्रत्येक डब्याचा ब्रेक हाताने आवळत. जून १८८९ मध्ये संपलेल्या एका वर्षात अमेरिकी रेल्वेत १,९७२ कर्मचारी मृत्यू पावले आणि वीस हजारांवर जखमी झाले, अशी सरकारी नोंद आहे. आपोआप जुळणारी कडी आणि हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक ही दोन्ही उपकरणे १८७० च्या सुमारास तयार झालेली होती. मालगाड्यांना ती बसवण्याची सक्ती करणारा कायदा मात्र १८९३ मध्ये झाला. मधल्या वीस वर्षांत गेलेले हात आणि जीव खर्च वाचवण्यापायी गेले, हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

अपघातात कामगार मेला तर बहुतेक वेळा कुटुंबाला काहीच मिळत नसे, कारण कामातला धोका त्याने नोकरी पत्करतानाच स्वीकारला होता, असे न्यायालये धरून चालत. मुलांची स्थिती याहून वाईट होती. १९०० च्या जनगणनेत दहा ते पंधरा वयाची साडेसतरा लाख मुले कामावर असल्याची नोंद आहे. त्यांपैकी पेनसिल्व्हेनियातील कोळसाखाणींवरची मुले दिवसभर वाकून बसून घरंगळत येणाऱ्या कोळशातून दगड वेचत असत.

या काळात मजुरीची क्रयशक्ती वाढली, असे अर्थतज्ज्ञ सांगतात. मग असंतोष कशाचा होता?

आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. १८७३ ते १८९६ या काळात वस्तूंचे भाव एकंदरीत उतरत गेले, त्यामुळे हातात पडणाऱ्या डॉलरला पूर्वीपेक्षा अधिक माल मिळू लागला, आणि सलग काम मिळणाऱ्या कुशल कारागिराची स्थिती सुधारली, हे खरे आहे. पण सरासरीचा आकडा सलग कामाचा हिशेब धरतो आणि कामगाराच्या वाट्याला सलग काम क्वचितच येई. १८ सप्टेंबर १८७३ रोजी जे कुक ॲण्ड कंपनी ही रेल्वेत पैसा गुंतवणारी बडी पेढी बुडाली आणि सहा वर्षांची मंदी सुरू झाली. १८९३ मध्ये त्याहून मोठी मंदी आली. अशा वेळी मालक पगार कापत, कामाचे दिवस कमी करत किंवा सरळ घरी बसवत, आणि बेकारीभत्ता हा प्रकार अस्तित्वातच नव्हता.

माझ्या मते याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. पूर्वीचा कारागीर स्वतःचे काम किती वेळ आणि कसे करायचे हे ठरवत असे. नव्या कारखान्यात कामाचा वेग यंत्राने ठरवला आणि शिस्त मुकादमाने. मजुरी कधीही कापली जाई आणि त्याबद्दल विचारणा करणाऱ्याला काढून टाकले जाई. या काळातील मोठ्या झगड्यांच्या मुळाशी गेलो तर बहुतेक ठिकाणी मालकाने अटी एकतर्फी बदलल्या आणि चर्चेलाही नकार दिला, हेच आढळते. संघटनेला मान्यता द्या, ही मागणी म्हणूनच इतकी कळीची ठरली.

१८७७ चा रेल्वे संप कसा पेटला?

मंदीचे चौथे वर्ष चालू होते. जुलै १८७७ मध्ये बाल्टिमोर ॲण्ड ओहायो रेल्वेने पुन्हा एकदा दहा टक्के मजुरी कापली, तेव्हा वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथे कामगारांनी इंजिने सोडवून ठेवली आणि कपात मागे घेतल्याशिवाय मालगाडी हलणार नाही असे जाहीर केले. कोणत्याही मध्यवर्ती संघटनेने हा संप पुकारलेला नव्हता. तो लोहमार्गाच्या कडेकडेने एका स्थानकातून पुढच्या स्थानकात पसरला. पिट्सबर्गमध्ये पेनसिल्व्हेनिया रेल्वेने तेवढ्याच माणसांवर दुप्पट लांबीच्या, दोन इंजिनांच्या गाड्या चालवण्याचा हुकूम काढला होता. तेथील स्थानिक सैनिकदलातील शिपाई संपकऱ्यांचे शेजारी आणि नातलग असल्याने त्यांनी कारवाईत फारसा उत्साह दाखवला नाही. म्हणून फिलाडेल्फियाहून तुकड्या आणण्यात आल्या आणि २१ जुलैला त्यांनी जमावावर गोळीबार केला. सुमारे वीस माणसे ठार झाली. संतापलेल्या शहराने रात्रीतून रेल्वेचे यार्ड पेटवले आणि शंभरावर इंजिने व दोन हजारांवर डबे जळून गेले. सेंट लुइसमध्ये तर काही दिवस सर्वच धंद्यांतील कामगार संपावर गेले होते. अखेर अध्यक्ष रदरफोर्ड हेज यांनी संघराज्याचे सैन्य पाठवले. देशभरात सुमारे शंभर जण मृत्यू पावले आणि कपात बहुतेक ठिकाणी कायम राहिली.

यानंतर अनेक शहरांत सैनिकदलासाठी भक्कम शस्त्रागारे बांधली गेली, आणि इकडे कामगारांनाही कळून चुकले की संघटनेशिवाय केलेला संप चार दिवसांत मोडतो.

नाइट्स ऑफ लेबर ही संघटना काय होती? ती इतक्या लवकर का ओसरली?

फिलाडेल्फियातील कापड बेतणाऱ्या कारागिरांनी १८६९ मध्ये स्थापन केलेली ही संघटना आरंभी गुप्त होती. टेरेन्स पावडर्ली यांच्या नेतृत्वाखाली ती खुली झाली आणि कुशल व अकुशल, स्त्री व पुरुष, गोरे व कृष्णवर्णीय अशा सर्वांना तिने दार उघडले. १८८५ मध्ये जे गूल्ड या बड्या रेल्वेमालकाला तिच्यापुढे नमते घ्यावे लागल्यावर सभासदांची रीघ लागली आणि १८८६ मध्ये संख्या सात लाखांवर गेली. पुढच्याच संपात गूल्डने तिला हरवले. पावडर्ली यांना मुळात संपाचे साधन पसंत नव्हते, सभासदांना मात्र तेच हवे होते. या ओढाताणीत आणि शिकागोच्या हेमार्केट चौकातील बॉम्बस्फोटानंतरच्या दडपशाहीत संघटना विरत गेली. डिसेंबर १८८६ मध्ये सॅम्युअल गॉम्पर्स या सिगार वळणाऱ्या कामगाराच्या पुढाकाराने अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर स्थापन झाले; त्याने कुशल कारागिरांच्या धंदेवार युनियन, मजुरी आणि कामाचे तास एवढ्यावरच लक्ष ठेवले आणि म्हणूनच ते टिकले.

हेमार्केटमध्ये ४ मे १८८६ रोजी काय घडले?

१ मे १८८६ पासून आठ तासांचाच दिवस, अशी घोषणा युनियनांच्या परिषदेने दोन वर्षे आधी केली होती. ठरल्या दिवशी देशभरात तीन लाखांहून अधिक कामगार बाहेर पडले आणि शिकागो हे आंदोलनाचे केंद्र ठरले. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःच्या मर्जीचे, ही मागणी तेव्हा गाण्यांतून गाइली जात होती.

३ मे रोजी मॅकॉर्मिक यांच्या कापणीयंत्रांच्या कारखान्यापाशी संपफोडे कामगार बाहेर पडत असताना झटापट झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात कामगार ठार झाले. निषेधासाठी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमार्केट चौकात सभा भरली. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः तेथे आले, सभा शांततेत चालल्याची त्यांनी खात्री करून घेतली आणि ते परतले. पाऊस येऊ लागल्याने गर्दी पांगत होती, सॅम्युअल फील्डेन यांचे शेवटचे भाषण आटोपत आले होते, आणि तेवढ्यात पावणेदोनशेच्या आसपास पोलिसांनी येऊन सभा बंद करण्याचा हुकूम दिला. त्याच क्षणी कोणीतरी बॉम्ब फेकला. पोलिसांनी अंधारात गोळ्या झाडल्या. सात पोलीस आणि निदान चार नागरिक दगावले. बॉम्ब कोणी फेकला याचा छडा आजवर लागलेला नाही.

त्या खटल्याला अन्यायाचे उदाहरण का म्हटले जाते?

आठ अराज्यवाद्यांवर, म्हणजे सरकार ही संस्थाच नको असे मानणाऱ्यांवर, खुनाचा खटला भरला गेला. स्फोटाच्या वेळी त्यांपैकी दोघेच, फील्डेन आणि ऑगस्ट स्पाईस, त्या जागी होते आणि ते दोघेही सर्वांच्या डोळ्यांदेखत वक्त्यांच्या गाडीवर होते. बॉम्ब फेकणारा कोण हेच ठाऊक नसताना, त्यांच्या भाषणांनी व लेखनाने त्याला चिथावणी दिली असे सरकारने मांडले. आरोपींविषयी मन आधीच कलुषित असल्याचे कबूल करणारे लोकही ज्यूरीत घेण्यात आले. आल्बर्ट पार्सन्स हे स्फोटानंतर विस्कॉन्सिनमध्ये सुखरूप लपले होते. सहकाऱ्यांवर खटला सुरू होताच ते आपण होऊन न्यायालयात चालत आले आणि आरोपींच्या रांगेत बसले. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी पार्सन्स, स्पाईस, फिशर आणि एंगेल यांना फाशी देण्यात आली. लुई लिंग यांनी आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला होता.

१८९३ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी उरलेल्या तिघांना सोडले. केवळ दया दाखवून ते थांबले असते तर कोणी फारसे बोलले नसते. पण खटलाच अन्याय्य होता, हे त्यांनी सविस्तर कारणांसह लिहून प्रसिद्ध केले. वृत्तपत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली आणि १८९६ च्या निवडणुकीत ते पडले. या साऱ्या कालखंडात सत्तेच्या पदावर बसलेल्या माणसाने दाखवलेले इतके धैर्य मला दुसरे दिसत नाही.

होमस्टेडच्या लढ्यात काय पणाला लागले होते?

पिट्सबर्गजवळ मनाँगहेला नदीकाठी असलेल्या कार्नेगींच्या होमस्टेड कारखान्यात सुमारे ३,८०० माणसे कामाला होती. युनियन फक्त कुशल कारागिरांची होती, तरी लढा सुरू झाल्यावर अकुशल कामगारही तिच्या पाठीशी उभे राहिले. ३० जून १८९२ रोजी करार संपत होता. युनियन मोडायची हे कार्नेगी आणि त्यांचे व्यवस्थापक हेन्री क्ले फ्रिक यांनी ठरवले होते. कामगारांना संघटनेचा हक्क आहे असे कार्नेगींनी १८८६ मध्ये स्वतःच्या सहीने छापले होते. ऐन प्रसंगी ते स्कॉटलंडमध्ये राहिले आणि तेथून फ्रिक यांना पाठिंबा देत राहिले.

फ्रिक यांनी कारखान्याभोवती काटेरी तारांचे उंच कुंपण घालून टाळेबंदी केली. ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन या खाजगी संस्थेचे तीनशे हत्यारबंद रखवालदार दोन पडावांतून नदीमार्गे आणण्यात आले. गाव जागे झाले आणि स्त्रीपुरुष काठावर धावले. दिवसभर दोन्ही बाजूंनी गोळ्या चालल्या. कामगारांनी पडाव पेटवण्याचा प्रयत्नही केला. संध्याकाळी पिंकर्टनवाल्यांनी शरणागती पत्करली, आणि त्यांना नेले जात असताना जमावाने बेदम मारले. दोन्ही बाजू मिळून सुमारे दहा माणसे मेली.

कामगारांनी दिवस जिंकला, पण सहाच दिवसांनी गव्हर्नरने साडेआठ हजार सैनिक पाठवले आणि त्यांच्या संरक्षणाखाली नवी माणसे आत नेली गेली. २३ जुलैला अलेक्झांडर बर्कमन या अराज्यवाद्याने फ्रिक यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याचा युनियनशी संबंध नव्हता, तरी त्या कृत्याने लोकांची सहानुभूती मात्र आटली. नोव्हेंबरमध्ये लढा संपला. मोठ्या पोलाद कारखान्यांतून युनियन हद्दपार झाली ती चार दशकांहून अधिक काळ, आणि बारा तासांची पाळी १९२३ पर्यंत चालू राहिली.

पुलमनच्या संपात केंद्र सरकार का उतरले?

जॉर्ज पुलमन यांचा झोपण्याच्या सोयीचे आलिशान डबे बनवण्याचा कारखाना शिकागोच्या दक्षिणेस होता आणि त्याभोवती त्यांनी १८८० पासून स्वतःच्या मालकीचे गाव वसवले होते. घरे, दुकाने, वाचनालय, चर्चची इमारत, सारे काही कंपनीचे. १८९३ च्या मंदीत मजुरी सरासरी २५ टक्क्यांनी कापली गेली, घरभाडे मात्र एका पैशाने उतरले नाही आणि भागधारकांना आठ टक्के लाभांश नेहमीप्रमाणे मिळत राहिला. भाडे वजा केल्यावर काही कामगारांच्या हाती पंधरवड्याचे निव्वळ काही सेंट पडत. गाऱ्हाणे घेऊन गेलेल्या शिष्टमंडळातील तिघांना कामावरून काढले गेले आणि ११ मे १८९४ रोजी संप सुरू झाला.

युजीन डेब्ज यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने लवादाची विनंती केली. लवादासाठी काही विषयच नाही, असे कंपनीचे उत्तर आले. तेव्हा २६ जूनपासून पुलमनचे डबे जोडलेली गाडी चालवायची नाही, असा बहिष्कार युनियनने पुकारला आणि शिकागोपासून पश्चिमेकडची रेल्वे जवळजवळ ठप्प झाली. ॲटर्नी जनरल रिचर्ड ओल्नी हे आधी रेल्वे कंपन्यांचे वकील होते. टपाल अडते आहे आणि राज्याराज्यांतील व्यापार थांबला आहे, या आधारावर त्यांनी न्यायालयाकडून मनाईहुकूम मिळवला. तो इतका व्यापक होता की संपात सामील व्हा असे कोणाला समजावणेसुद्धा गुन्हा ठरले. मग अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी सैन्य पाठवले. राज्याने मदत मागितलेलीच नाही, असा तीव्र निषेध गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी नोंदवला, पण तो बाजूला सारला गेला. शिकागोतील मोठी जाळपोळ सैन्य आल्यानंतर झाली, आधी नव्हे. देशभरात सुमारे तीस माणसे मेली, डेब्ज यांना सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला आणि १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाईहुकूम एकमताने उचलून धरला.

बळजोरी कामगारांकडूनही झाली, हे मी नाकारत नाही. पण पिट्सबर्ग, होमस्टेड आणि शिकागो या तिन्ही ठिकाणी निकाल लागला तो मालक आणि कामगार यांच्या आपसातील ताकदीवर नव्हे. तो लावला सैन्याने आणि न्यायालयाने. मक्तेदारी मोडण्यासाठी केलेला १८९० चा शर्मन कायदा आरंभीच्या वर्षांत युनियनांविरुद्ध वापरला गेला, ही गोष्ट सरकारचा कल दाखवायला पुरेशी आहे.

सगळे कामगार एक का होऊ शकले नाहीत?

सैन्य आणि न्यायालये यांच्या बरोबरीने आपसातील भेदानेही चळवळीचे नुकसान केले. रेल्वे युनियनने १८९४ च्या अधिवेशनात कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले. त्यामुळे पुलमनच्या डब्यांत राबणारे हजारो कृष्णवर्णीय सेवक या लढ्याबाहेरच राहिले. पश्चिमेत चिनी मजुरांविरुद्ध द्वेष पेटवण्यात गोरे कामगार आघाडीवर होते. १८८२ मध्ये चिनी मजुरांच्या प्रवेशावर बंदी घालणारा कायदा झाला आणि २ सप्टेंबर १८८५ रोजी वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी खाणकामगारांची कत्तल केली. मालकांनी या फुटीचा फायदा घेतला, संपफोडे म्हणून एका वंशाचे लोक दुसऱ्याविरुद्ध आणले. पण फूट मालकांनीच पाडली असे म्हणून कामगारांना दोषमुक्त करता येत नाही.

आठ तासांची मागणी शिकागोत उठली, मग अमेरिकेत कामगार दिन सप्टेंबरमध्ये का?

न्यूयॉर्कमध्ये ५ सप्टेंबर १८८२ रोजी कामगारांची मिरवणूक निघाली होती आणि त्यानंतर सप्टेंबरचा पहिला सोमवार पाळण्याची प्रथा काही राज्यांत पडली. पुलमनचा बहिष्कार सुरू होऊन दोनच दिवस झाले असताना, २८ जून १८९४ रोजी, क्लीव्हलंड यांनी त्या दिवसाला राष्ट्रीय सुट्टीचा दर्जा देणाऱ्या कायद्यावर सही केली. दरम्यान १८८९ मध्ये पॅरिसला भरलेल्या समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १ मे १८९० रोजी जगभर आठ तासांसाठी निदर्शने करण्याचे ठरवले होते आणि तो दिवस बाकीच्या जगाने उचलला. भारतात कामगारनेते सिंगारवेलू यांनी १९२३ मध्ये मद्रासला तो पहिल्यांदा पाळला. महाराष्ट्रात १ मे हा १९६० पासून राज्याचा स्थापनादिनही असल्यामुळे सुट्टीच्या फलकांवर दोन्ही नावे शेजारी दिसतात, पण शिकागोची आठवण भाषणांपुरती उरते.

या लढ्यांतील मागण्या अखेर केव्हा मान्य झाल्या?

रेल्वे कामगारांना आठ तासांचा दिवस १९१६ च्या कायद्याने मिळाला. संघटना करण्याचा आणि मालकाला वाटाघाटीस बसवण्याचा हक्क खाजगी उद्योगांतील बहुसंख्य कामगारांना १९३५ च्या वॅग्नर कायद्याने दिला, आणि चाळीस तासांच्या आठवड्याचा व बालमजुरीबंदीचा पाया १९३८ च्या कायद्याने घातला. होमस्टेडच्या भट्टीवर १८९२ मध्ये उमेदवारी करणारा पंधरा वर्षांचा मुलगा तोवर साठीला पोहोचला होता.